भरवशाचे कान

मंगळवार, ४ मार्च

परत आले. ताईचा नवा गुडघा झकास आहे, ताई मात्र कुरकुरतेय. काठी धरून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागली तशी मी निघालेच.

घरात पाय ठेवला तर बाहेरच्या खोलीत पांढराशुभ्र नवा रेकॉर्ड प्लेअर, आणि नवरा चहाचा कप घेऊन दारात. हा माणूस आपणहून चहा करतो म्हणजे काहीतरी करून बसलेला असतो.

"व्हिडिओ टाकला," म्हणाला.

"माझ्याशिवाय?"

"प्लेअर पाठवणाऱ्या कंपनीची घाई चालली होती. आणि तू तिकडून कधी हलणार, काय पत्ता."

जगाच्या दृष्टीने परीक्षण तोच करतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. आयुष्यभर जळकी गोदामं आणि चेपलेले ट्रक तपासून रिपोर्ट लिहिले. निवृत्त झाल्यावर घरात नुसता येरझाऱ्या घालायचा, म्हणून लेकीने त्याला चॅनेल काढून दिलं. तर हा तबकड्या वाजवायच्या यंत्रांचे रिपोर्ट द्यायला लागला. तेही त्याच थाटात — "पाहणीत असे आढळले की". लोकांना भलतंच आवडलं. एका बड्या, महागड्या प्लेअरला तोंडावर "दिखाऊ" म्हणाला, तेव्हापासून तर निर्भीड म्हणून नावच झालं. आता लोक त्याचं ऐकून वस्तू घेतात. डोळे मिटून.

आतली गोष्ट फक्त इथे लिहिते. तो रेकॉर्ड लावतो, मी आत भाजी चिरत असते. तो तिथूनच विचारतो, "कसं वाटतंय?" मी म्हणते, "बाई नाकात गातेय." दुसऱ्या दिवशी व्हिडिओत येतं — "मधल्या पट्टीत किंचित सानुनासिकता आढळली." मी शाळेत गाणं शिकवते. बेसूर ऐकण्यात हयात गेली, मला ते आपसूक कळतं. ह्या देवाणघेवाणीबद्दल आम्ही कधी बोललेलो नाही. नवराबायकोत अशा बऱ्याच गोष्टी असतात.

ह्या वेळी भाजी चिरायला मी नव्हते, एवढंच.


५ मार्च

शाळेतून आले, हात धुतले आणि पांढऱ्यावर एक संथ गाणं लावलं. त्यात शेवटी बाई एक सूर लांबवते, चांगला दमदार. तो सूर हलतो.

आधी वाटलं, प्रवासाचा शीण आहे. दुसरी तबकडी लावली. बासरी. तीही हलते. फार नाही — पण मांडीवर मूल घेऊन कोणी डुलावं तसं, प्रत्येक फेऱ्याला एकदा वर, एकदा खाली. मग आमच्या जुन्या प्लेअरवर तेच गाणं लावलं. सूर सुतासारखा सरळ.

"अरे, हा हलतोय," म्हटलं.

"शक्य नाही. वेग तपासलाय मी."

त्याच्याकडे रेघारेघांची एक गोल चकती आहे. ती तबकडीच्या जागी ठेवायची, खास दिव्याखाली रेघा एका जागी दिसल्या म्हणजे वेग बरोबर. त्याने ती काढली, ठेवली, दिवा धरला. "बघ. हलतायत?"

"रेघा नाही हलत. सूर हलतोय."

"म्हणजे यंत्र खोटं बोलतंय?"

"लंगडणारा माणूसही वेळेवर पोचतो," मी म्हटलं. "पोचला म्हणजे लंगडत नाही असं नाही."

हे त्याला लागलं. व्हिडिओत "गतीच्या बाबतीत खडकासारखा स्थिर" असं म्हणून बसलाय. खाली शेकड्यांनी कॉमेंट. मला वाचून दाखवल्या — "सर, घेतला, अगदी तुम्ही म्हणता तसाच." "सर, खडक म्हणजे खडक."

"एवढ्या लोकांना ऐकू येत नाही, तुला एकटीलाच येतं," म्हणाला.

येतं खरं.


६ मार्च

अबोला. चहा मात्र वेळेवर मिळाला. दोन्ही वेळा.


शनिवार, ८ मार्च

खालचे दातवाले भेटले. तळमजल्यावर पुढे त्यांचा दवाखाना, मागे घर. भला माणूस. दात काढतानाही रुग्णाची माफी मागत असतो. म्हणाले, "बाई, सरांचा व्हिडिओ बघून पांढरा घेतला. ऐकायला या ना. सरांनाही आणा."

सर आले नाहीत. सरांना अचानक गॅलरीतला नळ दुरुस्त करायचा होता.

गेले एकटीच. दवाखान्यातला शेवटचा रुग्ण गाल धरून बाहेर पडला तसे डॉक्टर हात पुसत मागच्या खोलीत आले. एकच तबकडी आहे त्यांच्याकडे. वडिलांची. जुनं गाणं, एक माणूस अगदी हळू गातोय, मागे नुसती तार वाजते. त्यांनी ती अशी हातात धरली जशी आपण गरम भांडं धरतो, आणि सुई टेकवली.

हलत होतं. आमच्यापेक्षाही जरा जास्तच. गायक बिचारा सूर धरून ठेवतोय आणि यंत्र त्याला झोके देतंय. मी बसल्या बसल्या पायाचा अंगठा जमिनीत रोवून धरला — वर्गात कोणी सूर सोडला की माझं असं होतं.

गाणं संपलं. डॉक्टरांचे डोळे भरले होते. चष्मा काढून पुसला.

"किती वर्षांनी ऐकलं," म्हणाले. "कसं वाटलं, बाई? तुम्ही गाण्यातल्या."

आणि मी म्हटलं, "छान."

दुसरं काय म्हणणार होते? वडिलांच्या आठवणीने रडणाऱ्या माणसाला सांगू, की तुमची मोटर खराब आहे?


९ मार्च

झालं. दातवाले ह्याला जिन्यात भेटले. "बाईंनी स्वतः ऐकून छान म्हटलं."

हा दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. ह्या वयात! "अगं, मग आधी सांगायचं नाही का? म्हणजे आपलाच नग तेवढा बिघडलेला. माल चांगला आहे!" तीन-चार दिवसांचा अबोला एका दमात संपला. मला कांदा चिरू दिला नाही, स्वतः चिरला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तो कांदा चिरत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता. म्हटलं, जेवल्यावर सांगू.

जेवल्यावर तो झोपला.


बुधवार, १२ मार्च

नवा व्हिडिओ. मला न विचारता. इतका खूश होता की विचारायचं सुचलंच नसावं.

"माझ्याकडील नगात सुराची अस्थिरता आढळली, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु त्याच बनावटीच्या दुसऱ्या नगाची तपासणी माझ्याहून भरवशाच्या कानांनी केली असून तो निर्दोष आहे. शिफारस कायम."

भरवशाचे कान! मी बाथरूममध्ये जाऊन आरशात बघितले. नेहमीचेच होते. जरा लाल.

लोकांना तर उधाण आलंय. कबुली दिली म्हणून हा आणखीच प्रामाणिक ठरला. "असा परीक्षक होणे नाही." "सर, आत्ताच मागवला." एकामागून एक. तो वाचतोय, मी ऐकतेय.

संध्याकाळी तो खाली गेला तेव्हा मी स्वतः वाचत बसले. कुणा बाईंनी लिहिलंय — "सर, माझ्याकडचा सूर थरथरतो असं मला वाटत होतं. परत करणार होते. पण तुम्ही आणि ते भरवशाचे कान म्हणताय म्हणजे माझाच दोष असणार. वय झालं. पूर्वी मी गात असे."

पुन्हा पुन्हा वाचलं.


१३ मार्च

वर्गात आज गटाने गात होते. मागच्या रांगेतली एक बुटकी मुलगी मध्येच थांबली. म्हणाली, "बाई, मी चुकतेय का? सगळे वेगळं गातायत."

ती बरोबर होती. सगळा वर्ग खाली सरकला होता, ती एकटी जागेवर उभी होती.

"तू बरोबर आहेस," मी म्हटलं. "सोडू नकोस. त्यांना येऊ दे तुझ्याकडे."

हे सांगताना मला माझीच लाज वाटली.


शुक्रवार, १४ मार्च

सांगितलं.

तो सोफ्यावर बसून चकती पुसत होता. मी समोर खुर्ची ओढली. म्हटलं, "डॉक्टरांचा प्लेअर हलतो. आपल्यापेक्षा जास्त हलतो. मी छान म्हटलं ते गाण्याला नाही, यंत्राला नाही, त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं."

चकती पुसतच तो म्हणाला, "म्हणजे तू खोटा रिपोर्ट दिलास."

"दिला."

"एवढ्या वर्षांत मी एक खोटा रिपोर्ट दिला नाही. ट्रकमालकांनी नोटांची बंडलं देऊ केली. नाही दिला."

"तूही दिलास," मी म्हटलं. "न ऐकता दिलास."

"ऐकलं होतं मी."

"मग काय ऐकलंस, सांग."

भांडण होणार असं वाटलं. झालं नाही. तो उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शाळेत शिक्षा केल्यासारखा. म्हणाला, "लाव. आलटून पालटून लाव. मी सांगतो कुठला कुठला."

जुन्यावर लावलं. तो म्हणाला, "पांढरा." पांढऱ्यावर लावलं. म्हणाला, "पांढरा." मग जुना, मग परत जुना. त्याची पाठ हळूहळू वाकायला लागली. मला थांबावंसं वाटत होतं पण तो "पुढचं" म्हणत राहिला. शेवटी मी सुई उचलली.

"मला नाही कळत," भिंतीलाच म्हणाला. "बहुतेक कधीच नाही कळलं. तू सांगायचीस, मग मला तसं ऐकू यायचं. मला वाटायचं मलाच आलं."

मी जवळ गेले. म्हटलं, "चेपलेला ट्रक मला कुठे कळतो? रंग मारला की नवा."

हसला नाही. पण वळला.

"त्या लोकांचं काय?" म्हणाला. "तेही तसंच ऐकतायत. मी सांगितलेलं."


१५ मार्च

दातवाल्यांना सांगायला मीच गेले. वाटलं, पटकन बोलून मोकळं व्हावं. वेळ चुकली. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून बसलेले, डॉक्टर त्यांच्या दाढेत. म्हणाले, "बोला ना बाई, ह्यांना काही ऐकू गेलं तरी बोलता येणार नाही."

सांगितलं. सूर हलतो, यंत्राचा दोष आहे, मी त्या दिवशी खरं बोलले नाही, माफ करा.

त्यांचा हात थांबला. "पण मला तर फार छान वाटलं होतं."

"तुम्हाला वाटलं ना, मग..."

"नाही, बाई. आता तुम्ही सांगितलंत. आता ऐकू येणार."

खुर्चीतले गृहस्थ "आं आं" करून काहीतरी म्हणाले. आम्हा दोघांना कळलं नाही, पण मला वाटतं ते डॉक्टरांच्या बाजूने होते.

वर येताना जिना फार उंच वाटला.


मंगळवार, १८ मार्च

चित्रीकरण. म्हणजे लेकीने फोनवरून सूचना द्यायच्या आणि आम्ही भांडायचं. "आई, खिडकीकडे पाठ नको. आई, तो हिरवा ड्रेस नको, भिंतीत विरघळतेस." तासभर केस विंचरण्यात गेला आणि शेवटी वाऱ्याने जे करायचं ते केलं.

ह्याने सुरुवात केली. कागद घेतला नाही हातात. "पाहणीत असे आढळले" पण म्हणाला नाही. म्हणाला, "मी यंत्र कसं बनलंय ते सांगू शकतो. ते कसं वाजतं ते मला कळत नाही. आजवर जे सांगितलं ते हिने ऐकलेलं होतं, मी माझं म्हणून सांगितलं. ही माझी बायको. पांढरा न ऐकता मी शिफारस केली. मागे घेतो." आणि बाजूला सरकला.

मग मी. मलाही सांगायचं होतं — "दुसरा नग निर्दोष असं मी भिडेपोटी म्हटलं, तो नव्हता" — ते सांगितलं. आणि म्हटलं, "माझ्यावर पण विश्वास ठेवू नका. स्वतः ऐका."

बासरीची तबकडी लावली. लांब सूर आला तसा मी तोच सूर गळ्यातून धरला, आणि सोडला नाही. माझा सूर जागेवर, बासरी त्याच्याभोवती घुटमळतेय — जवळ येते, दूर जाते, परत येते. दोन सूर असे घासले की लहान पोरालाही कळतं. मग जुन्या प्लेअरवर तेच. दोन्ही सूर मिसळून एक झाले.

कॅमेरा बंद केला तेव्हा हा माझ्याकडे बघत होता.

"ऐकू आलं," म्हणाला. "आता आलं. तू शेजारी उभी राहिलीस म्हणून."


२२ मार्च

चार दिवस कसे गेले कळलं नाही.

शिव्या आल्या. "फसवलंत." "बायकोच्या कानांवर नाव कमावलं." बरेच जण चॅनेल सोडून गेले. हा प्रत्येक शिवी मोठ्याने वाचतो, आणि शेवटी "बरोबर आहे" म्हणतो. मी म्हटलं, पुरे. म्हणाला, ट्रकमालकांच्या शिव्या ह्याहून कसदार असत.

पण कितीतरी लोकांनी माझ्यासारखाच सूर धरून बघितला. कोणी शिट्टी वाजवली, कोणी पेटी. "हलतोय हो." "माझाही." एकाने लिहिलं, "माझा नाही हलत, की मला गाता येत नाही?" त्याला हा उत्तर लिहीत बसलाय, सविस्तर, मुद्देवार.

त्या बाईंचंही आलं. एकच ओळ. "म्हणजे माझा कान शाबूत आहे."

ही ओळ मी ताईला फोन करून वाचून दाखवली. ताईला त्यात काय एवढं ते समजलं नाही. म्हणाली, गुडघा दुखतोय.

कंपनीचा माणूस आधी फोनवर फुरंगटून बोलला, मग नरम आला. मोटरींचा एक लॉट खराब निघाला म्हणे. ज्यांनी घेतलेत त्यांच्या घरी मेकॅनिक जाऊन बदलून देणार. आमच्याकडे सगळ्यात शेवटी येणार. ते ठीकच आहे.


२९ मार्च

खाली मेकॅनिक येऊन गेला. डॉक्टरांनी मला बोलावलं. नवी मोटर, तीच वडिलांची तबकडी.

सरळ. ओळंबा सोडल्यासारखा सरळ. तो गाणारा माणूस पहिल्यांदाच मला नीट भेटला — काय स्थिर गळा होता! माझा अंगठा जमिनीवर गप्प पडून होता.

डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत बसले. "बरोबर आहे," म्हणाले. मग परत, "हो, आता बरोबर आहे." चहाचा आग्रह केला. मी घेतला. मनावरचं ओझं उतरलं अगदी.

मी शाळेतून आले की हा आता रोज माझ्याकडे सूर शिकतो. एकच, सगळ्यात खालचा. लागत नाही. पण लागला नाही हे हल्ली त्याचं त्यालाच कळतं.


शुक्रवार, ४ एप्रिल

संध्याकाळी दातवाले वर आले. बसले नाहीत. दाराशीच उभे राहून म्हणाले, आमच्या घरी पूर्वी एक प्लेअर होता, वडिलांनी स्वतः जोडलेला, कशाकशाचे भाग घालून. तो असाच डुलायचा. लहानपणी रोज रात्री ते गाणं तसंच ऐकलं. वडील गेले, तो भंगारात गेला. "आता गाणं बरोबर वाजतं, बाई. पण ते आमच्या घरातलं नाही राहिलं. ती काढून नेलेली जुनी मोटर कुठे मिळेल का?"

आमच्याकडे मेकॅनिक अजून यायचाच होता. ह्याने आमच्या पांढऱ्याची वायर काढली, तो उचलला, आणि त्यांच्या दोन्ही हातांत ठेवला.